मार्गिकेची सरासरी

शुक्रवारी नासारेनोचा सिद्धांत मान्य झाला आणि त्याच सिद्धांताने त्याच्या खोलीला ऊब देणारा रेडिएटर घालवला. पण हे झालंच नाही असं धरू आणि सोमवारपासून सुरुवात करू.

अर्जेंटिनातल्या बारिलोचेत जुलै म्हणजे ऐन हिवाळा. तिथल्या भौतिकशास्त्र संस्थेच्या मार्गिकेतली शेवटची खोली संशोधक विद्यार्थी नासारेनोची. शुक्रवारी परीक्षकांपुढे प्रबंध मांडायचा होता, शेवटचं पान लिहायचं राहिलं होतं आणि बोटं इतकी आखडली होती की पेन धरवेना. म्हणून त्याने मफलर गुंडाळला, मग टोपी घातली, वर घोंगडीसारखा पोंचो. फक्त डोळे उघडे राहिले.

प्रबंधाचं म्हणणं असं, की एखाद्या ठिकाणी ऊर्जा शून्याखाली जाऊ शकते, पण प्रकाशाच्या अख्ख्या, अनंत वाटेवरची बेरीज कधीच जात नाही. हे सिद्ध करायला त्याने एक माप वापरलं होतं: दोन अवस्था एकमेकींपासून किती वेगळ्या ओळखू येतात त्याचं. जितका कमी भाग दिसेल, तितकी ओळख अवघड, हा त्या मापाचा गुण. तो आपल्यालाही लागू आहे, हे मात्र नासारेनोला सुचलं नाही.

मंगळवारी व्यवस्थापनाच्या देल्फिनाबाई दारातून डोकावल्या. त्यांना खुर्चीवर कपड्यांचा ढीग दिसला.

"खोली रिकामी आणि रेडिएटर चालू! गॅस काय यांच्या आजोबांनी पुरून ठेवलाय?" म्हणत त्यांनी कॉक फिरवून तो बंद केला. ढीग त्या वेळी मनात बेरीज करत होता. बोलला असता तर उणे चिन्ह हरवलं असतं.

खोली आणखी गारठली. ढिगाने पडदा काढून पांघरला. बुधवारी मार्गदर्शिका डॉक्टर सानेत्ती आल्या आणि त्यांनी आपला ओला कोट त्याच्या डोक्यावर अडकवला.

"डॉक्टर, हा मी आहे," कोट म्हणाला.

"अगं बाई! जिवंत आहेस ना रे?"

"माप काढावं लागेल."

मग तो तडक देल्फिनाबाईंकडे गेला. "बाई, माझा कॉक उघडा हो. खोलीत शाई गोठलीय."

"मार्गिकेची सरासरी एकवीस अंश आहे, पोरा," बाई 'माते' नावाच्या कडू चहाचा घोट नळीने ओढत म्हणाल्या. "बाकीचे खिडक्या उघडून बसलेत. शुक्रवारनंतर बघू."

शुक्रवारी नासारेनोने हातमोज्यांत खडू धरून सिद्धांत मांडला. परीक्षक माना डोलवत होते. मागच्या रांगेत, नंतरच्या खाऊसाठी आधीच येऊन बसलेल्या देल्फिनाबाईंनी हात वर केला.

"म्हणजे एका जागी उणं असलं तरी चालतं, सगळी बेरीज उणी नको. हे पक्कं सिद्ध झालंय?"

परीक्षकांची पेनं थांबली. नाही म्हणावं तर पदवी गेली, हो म्हणावं तर रेडिएटर.

"पक्कं," नासारेनो म्हणाला. दात वाजल्यामुळे ते तीनदा म्हटल्यासारखं झालं.

"मग तुझी तक्रार मिटली."

"अहो बाई, पण तो नियम अनंत वाटेचा! आपली मार्गिका संडासापाशी संपते!"

"असं म्हणतोस? लेखी दे."

त्याने पुढच्या सोमवारी दिलं:

"सबब, सदर सिद्धांत लागू व्हावा म्हणून पहिल्या मजल्याची मार्गिका एका अंगाने चिलीतून व दुसऱ्या अंगाने अटलांटिक महासागरावरून अनंतापर्यंत वाढवण्यात यावी. ते शक्य नसल्यास कॉक उघडावा. दोहोंपैकी संस्थेस जे स्वस्त पडेल ते बर्फ वितळण्यापूर्वी करावे, ही नम्र विनंती."