खिडकीतली लाल बाटली

"निम्मे गुन्हेगार माझं नाव ऐकूनच कबुली देतात," गोल्फने वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं होतं, "आणि उरलेले निम्मे मला पाहून." खाली सही, सहीखाली हुद्दा: गुप्तहेर, लंपांग शहर आणि आसपासचा परिसर. थायलंडातल्या अकरावीत शिकणाऱ्या या गुप्तहेराचं गोल्फ हे नाव आईनं हौसेनं ठेवलेलं. घराण्यात कुणी काठीनं चेंडू मारल्याचं ऐकिवात नव्हतं. आजवर त्याने तीन प्रकरणं हाताळली होती. तिन्ही वस्तू मालकांच्याच दप्तरांत सापडल्या. चोरांनी आपल्या धाकानं त्या परत ठेवल्या, असं त्याचं म्हणणं होतं.

चौथं प्रकरण जिपचं होतं, आणि तपासातली मदतनीसही जिपच. मदतनीस व्हायला तिने कधी होकार दिला नव्हता. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत दोघांचं टेबल एक, एवढाच तिचा अपराध.

जिपचं आणि रसायनशास्त्राचं मुळीच पटत नसे. आम्लात थेंबथेंब अल्कली सोडायचं आणि फिकट गुलाबी छटा आली की थांबायचं, एवढंच काम. पण जिप थांबेपर्यंत काचपात्रात लग्नाच्या मांडवातला गुलाबी उतरलेला असे. दोनदा भोपळा मिळाल्यावर वानिदाबाईंनी शेवटची संधी दिली: आम्ल-अल्कली ओळखणारा रंग स्वतः बनव, शुक्रवारी दोन वाजता दाखव आणि समजावून सांग. जमलं नाही, तर सोंगक्रानच्या, म्हणजे नववर्षाच्या सुट्टीत फेरपरीक्षा. जिपचे वडील तैवानच्या कारखान्यात होते. वर्षातून दहाच दिवस घरी यायचे, ते सोंगक्रानला. त्यातला एक दिवसही शाळेला द्यायची तिची तयारी नव्हती.

म्हणून आठवडाभर खपून तिने लाल अंबाडीच्या बोंडांचा अर्क काढला. प्रयोगशाळेत रिकामी बाटली मिळेना, तेव्हा लाल सरबताच्या बाटलीत भरला, तोंडाला कापसाचा बोळा लावला आणि शुक्रवारी सकाळी ती बाटली प्रयोगशाळेच्या खिडकीत ठेवली. जेवणाच्या सुट्टीत येऊन पाहते तर खिडकी रिकामी.

"कुणी काही हलवू नका," गोल्फ म्हणाला.

"आपण दोघंच आहोत."

"मग तू हलवू नकोस."

तपासाचा पहिला टप्पा म्हणजे शाळेच्या आवारातलं भूमिदेवतेचं देऊळ. परीक्षेचा आठवडा, त्यामुळे देवळासमोर लाल सरबताच्या वीसेक बाटल्या ओळीनं मांडलेल्या, देवतेला पिणं सोपं जावं म्हणून प्रत्येकीत नळी. दोघांनी डोळे मिटून हात जोडले. "दोनच्या आत प्रकरण सुटू दे," गोल्फ म्हणाला, "नऊ बाटल्या वाहीन."

"नऊ?"

"देवतेपुढे कंजूषपणा करत नाहीत."

परत येऊन त्याने प्रयोगशाळेच्या दाराबाहेरचे बूट तपासायला घेतले. "चोर आत गेला म्हणजे त्यानं बूट बाहेर काढलेच. बघ, या डाव्या बुटाची टाच झिजलीय. माणूस तिरका चालतो. मनात पाप आहे. शिवाय आळशी, नाडीला सात गाठी."

"तो तुझा बूट आहे."

गोल्फने तो बूट शांतपणे खाली ठेवला. "म्हणजे मला अडकवायचा डाव आहे."

मग संशय वानिदाबाईंवर गेला. त्यांचे ओठ लाल होते. ते गेली बावीस वर्षं लाल होते, हे जिपने सांगून पाहिलं. "इतकी जुनी सवय," गोल्फ पुटपुटला आणि वहीत टिपून घेतलं.

घड्याळात पावणेदोन झाले होते. जिप रडायच्या बेतात होती. तेवढ्यात गोल्फ खिडकीखाली गुडघ्यांवर बसला. फरशीवर लाल थेंब होते. ते दारापर्यंत गेले होते, आणि बाहेर ओल्या व्हरांड्यात त्याच ओळीत पुढे हिरवट थेंब.

"दोन टोळ्या," गोल्फ म्हणाला. "लाल टोळीनं इथवर आणलं, हिरव्या टोळीनं इथून पुढे. मधे सौदा झालाय."

जिप थेंबांकडे बघत राहिली. मग तिने व्हरांड्यातल्या ओल्या फरशीवर बोट फिरवलं. बोट बुळबुळीत लागलं. साबण.

"गोल्फ, टोळी एकच आहे," ती सावकाश म्हणाली. "फरशी पुसलीय. साबणाचं पाणी अल्कली. माझा लाल रंग त्यात हिरवा झालाय."

"ही शक्यता मी मुद्दाम राखून ठेवली होती."

व्हरांड्याच्या टोकाला शाळेची साफसफाई करणाऱ्या लमाईमावशी बादलीत फडकं पिळत होत्या. जिपनं विचारताच म्हणाल्या, "ती बाटली होय? अगं, प्रयोगशाळेत सरबत आणायला बंदी ना? त्यात परीक्षेचे दिवस. म्हटलं, कुणी पोर देवतेला आणून विसरलं असेल. मीच वाहून आले. बोळा काढून नळी घातली."

तिघं देवळापाशी धावली. वीस बाटल्या, सगळ्या सारख्याच लाल.

"यातली कुठली, मावशी?"

"देवता सगळ्यांना सारखंच मानते, बाळा. मीही बघितलं नाही."

मावशींनी देवतेची माफी मागून बाटल्यांना हात लावायची परवानगी घेतली. जिपने साबणाच्या पाण्याची बादली ओढली, कागदी पेले मांडले आणि प्रत्येकात थोडं पाणी घेऊन नळीनं एकेका बाटलीतला थेंब सोडायला लागली. सरबताचा थेंब फिकट गुलाबी होऊन विरून जायचा. दुसरी बाटली, पाचवी, नववी. मागे कोणीतरी येऊन उभं राहिल्याचं तिला कळलंही नाही. तेराव्या पेल्यात थेंब पडला आणि हिरवा झाला. तिने नळी लगेच वर उचलली.

"का झाला हिरवा?" मागून वानिदाबाईंनी विचारलं. दोन वाजले होते.

जिपने सांगितलं. अंबाडी, आम्ल, साबण, व्हरांडा, सगळं न अडखळता सांगितलं.

बाई पेल्यात वाकून बघत राहिल्या. "एका थेंबावर थांबलीस," त्या म्हणाल्या. "वर्षात पहिल्यांदा. जा, सुट्टीत वडिलांजवळ बस. आणि यापुढे बाटलीवर चिठ्ठी लाव."

जिपचे डोळे भरून आले आणि तिने ते पुसलेही नाहीत.

देवतेपुढची बाटली उचलली म्हणून मावशींनी गोल्फच्या दप्तरातलं सरबत काढून त्या जागी ठेवलं. "ही त्या बाटलीच्या बदल्यात," त्या म्हणाल्या. "आता तुझ्या नवसाच्या नऊ. मघाशी ऐकलं मी."

"पण मावशी, प्रकरण मी कुठे सोडवलं?" गोल्फ कळवळून म्हणाला.

त्याच्या तोंडून हे वाक्य आयुष्यात पहिल्यांदाच निघालं होतं. जिपने त्याचीच वही उघडली आणि तारीख घालून ते उतरवून घेतलं.

"कुणी सोडवायचं, हे तू देवतेला बोलला नव्हतास," मावशी म्हणाल्या. "आण जा. नळ्या विसरू नकोस."