ब्राह्मीचे चोवीस नकार

सांगलीच्या एका वधूवर मंडळाच्या साइटवर ब्राह्मीच्या नावापुढे 'नकार : सहा' असं झळकलं, तेव्हा तिला प्रत्यक्षात दोघांनीच नाकारलं होतं. साइट तिनंच, समाजकार्य म्हणून, फुकटात बनवलेली. धर्माच्या गाईचे दात कोण बघतो? कुणीच तपासली नव्हती.

"फोटोच बरे न्हाईत तुझे," असं निदान करून तिच्या आईनं, गुणमालाबाईंनी, तीन फोटोंचे बारा केले. पैठणीतला, स्कूटीवरचा, शिवाय पुरणपोळी उलटतानाचा. संध्याकाळपर्यंत नकार चोवीस!

"अगं बया! घरबसल्या आणखी अठरा जणांनी नाकारलं की पोरीला!"

ब्राह्मीनं साइटवरची मोजणी करणारी क्वेरी उघडली आणि जीभ चावली. मुलीच्या नोंदीला फोटोही जोडलेले, नकारही. दोन्ही एकदम मोजायला सांगितल्यावर साइट चालवणारं फ्रेमवर्क इमानेइतबारे प्रत्येक फोटोमागं प्रत्येक नकार धरत होतं. दोन गुणिले बारा. 'एक नकार एकदाच मोज' अशा अर्थाचा एक शब्द घातला की भागत होतं. पण बदलाला अध्यक्षांची सही लागे. आणि अध्यक्ष शांतिनाथअण्णा म्हणजे अतिशय नावाच्या मुलाचे वडील. तिला ज्याच्याशी लग्न करायचं होतं, तोच अतिशय.

"चोवीस ठिकाणी नाकारलेली सून? न्हाई जमायचं," अण्णा म्हणाले. "आमच्या अतिशयला चाळीस होकार हायेत."

"अण्णा, त्याचे फोटो चाळीस हायेत. होकार एकच."

अण्णांनी सावकाश चष्मा पुसला. "मग असं कर. नकार तेवढे दुरुस्त कर. होकार हायेत तसंच राहू देत."

"मोजणी एकच हाय, अण्णा. सुधारले तर दोन्ही सुधारतील."

अण्णांनी तातडीनं उपसमिती नेमली. उपसमितीनं पुरावा म्हणून सर्व उमेदवारांचे आणखी फोटो मागवले. ब्राह्मीचे नकार अठ्ठेचाळीस झाले, अतिशयचे होकार ऐंशी. तिचं डोकंच फिरलं. सही गेली खड्ड्यात, म्हणत तिनं तो शब्द घातला.

अतिशयपुढं उरला 'होकार : एक'. तो ब्राह्मीचाच.

"एकुलतं एक स्थळ, हातचं जायला नको," म्हणून अण्णांनी आठवड्यातला मुहूर्त धरला. फक्त साइटवरच्या लग्नाच्या हजेरीत तो शब्द घालू नये, अशी लेखी अट घातली. पाहुणे दोनशे, पानात पदार्थ आठ. अण्णांनी सोळाशे पाहुण्यांचे आभार मानले आणि कडाडून टाळ्या पडल्या.

वाचकहो, टाळ्यांत आपणही होतात. साइटनुसार आपण आठ जण जेवून गेलात, आहेर मात्र एकच दिलात. उरलेले सात कधी पाठवताय?