मुंगसाच्या पोशाखातला शुद्ध प्राणवायू

एका जंगलात, बाळांनो, शुद्धतेचं फार वेड होतं. तिथे मध शुद्ध, तूप शुद्ध, आणि शुद्धता समितीचे अध्यक्ष कोल्हेसाहेब तर इतके शुद्ध, की त्यांना आंघोळीची गरजच पडत नसे.

एकदा सिंहमहाराजांनी तळ्याकाठी मोठी जांभई दिली आणि त्यांची कवळी पाण्यात पडली. तळं बर्फासारखं गार. आत उतरणारा एकच, नागोराव मुंगूस. त्याच्याकडे बुडी मारायचा कोरडा पोशाख होता. बाहेरून रबर, आतून लोकर. त्यात थोडी हवा भरायची, म्हणजे थंडी वाजत नाही. त्या हवेचं काम एवढंच. श्वासाची नळी वेगळी.

"महाराजांच्या कामाला साधी हवा?" कोल्हेसाहेब कडाडले. "शुद्ध प्राणवायू भरा!"

कासवआबांनी मान बाहेर काढली. पाणबुड्यांना तयार करण्यात त्यांचा जन्म गेला होता.

"अहो, प्राणवायू नाकाला. पोशाखाला कशाला? तो लोकरीत मुरला की एक ठिणगी पुरते. नागोराव, जळून कोळसा होशील रे!"

"प्राणवायू स्वतः जळत नाही. पुस्तकात लिहिलंय," कोल्हेसाहेब म्हणाले.

"तो नाहीच जळत. दुसऱ्याला जाळायला मदत करतो."

"आबा, शुभकार्यात अभद्र बोलू नका!"

आबांचं नागोरावाला पटत होतं. पण ताशा वाजायला लागला होता, गळ्यात हार पडला होता. आता नाही कसं म्हणायचं? बिचारा मुकाट्याने प्राणवायू भरून घेऊन टम्म फुगला.

आणि त्या जंगलाची रीत अशी, की मोहिमेवर निघालेल्याला ओवाळल्याशिवाय सोडायचं नाही. कोल्हीणबाई तबक घेऊन पुढे झाल्या. निरांजन नागोरावाच्या गळ्यापाशी आलं. तिथून प्राणवायू फुसफुसत बाहेर येत होता. ज्योत हातभर उठली आणि पोशाखाने भक्कन पेट घेतला.

नागोरावाने तळ्यात उडी ठोकली म्हणून वाचला. वर आला तेव्हा मिशा नव्हत्या आणि शेपटीवर औषधालासुद्धा केस उरला नव्हता. हसू नका रे, त्याला फार दुखत होतं.

चौकशी समिती बसली. अध्यक्ष अर्थातच कोल्हेसाहेब. आठवड्याने ते निकाल घेऊन नागोरावाच्या बिळात आले. तो पाल्याचा लेप लावून पडला होता.

"कारण सापडलं, नागोराव! औक्षण कमी पडलं. पुढच्या बुडीला पाच निरांजनं."

"आणि पोशाखात हवा कोणती?"

"शुद्ध प्राणवायूच! तिथे तडजोड नाही. तुम्ही आता अनुभवी, म्हणून तुमचंच नाव पाठवलंय."

नागोराव लेपासकट मागच्या वाटेने जो पळाला, तो दुसऱ्या जंगलात जाऊन थांबला. महाराज अजून पेज पितात. कासवआबांना घबराट पसरवल्याबद्दल नोटीस गेली.

तात्पर्य: जाणत्याचं कधीही ऐकू नये. ऐकलं तर अपघात टळतो, आणि टळलेल्या अपघातावर चौकशी समिती नेमता येत नाही.