प्रळयकेतू महाराजांचा घसा बसला ते वर्तमान

श्री. वाचणारास आरोग्य, ऐकणारास धीर आणि काचेस अभंगपण असो. शके दोन हजार एकाहत्तर, सौम्यनाम संवत्सरी, मार्गशीर्ष शुद्ध पंचमीस कोणे एके राज्यी जे घडले ते लिहितो. ते काळी आकाशास राखेचे पटल येऊन सूर्य विझत्या निखाऱ्यासारखा दिसे, उघड्या रानी गवताची काडी उगवेना, म्हणोन नगराने कोसभर लांब काचमंडप उभारिला होता आणि सारी नाचणी तयाखाली पिके. त्याआधी ऐसे जाहले होते की, मुलांच्या चित्रकथांच्या चोपड्या असत, तयांची पाने एके दिवशी आपोआप उघडली आणि आतील मंडळी बाहेर आली. प्रथम आले ते उद्धारक. छातीचे रुंद, पाठीवर झूल, विजारीवरून लंगोट कसलेला, आणि उद्धाराचे व्यसन मोठे. एकदा मांजराचे पिलू पाण्याच्या टाकीवर अडकले, तर तिघे उद्धारक तीन दिशांनी उडत आले, आणि टाकी बाजारावर पडली, आणि बाजार ओढ्यात गेला, आणि पिलू आपले आपण उतरोन घरी गेले. मग लोकांनी तयांस हार घालावे, टाळ्या पिटाव्या आणि परतोन काचा वेचाव्या, ऐसा क्रम चालिला.

मग त्याच चोपड्यांतून खलपुरुष प्रळयकेतू महाराज निघाले. झूल जांभळी, जबडा लोखंडी, भिवया वर चढलेल्या त्या झोपेतही उतरत ना. तयांनी एके दुपारी नगर काबीज केले आणि पहिला दुष्ट हुकूम फर्माविला की, आजपासोन उद्धारबंदी. ज्याचे मांजर अडकेल तयाने शिडी लावावी. उद्धारक डोंगरापलीकडे हाकलिले, गच्चीवर प्रळययंत्र मांडिले, आणि रोज पहाटे महाराज कर्ण्यातून विकट हास्य करिते जाहले, म्हणजे उद्धारकांनी समजावे की खल जागा आहे आणि यंत्रापाशी आहे. वास्तविक यंत्राचे चाक सात वर्षांमागेच काढोन पिठाच्या गिरणीस लाविले होते. हे नगरात सर्वांस ठाऊक, बाहेर कोणास नाही. सबब राज्याचे रक्षण म्हणजे काय ते हास्यच, आणि बायाही त्या हास्यावर चुली पेटवीत.

काचमंडपाची मुख्य कारागीर नवशीबाई कासार. तीन उद्धारांत तीन वेळा मंडपाचा चुरा जाहला होता, तिसऱ्या वेळी राख पडोन उभे पीक जळाले, आणि त्या हिवाळ्यात बाईची सासू व धाकटी जाऊ अन्नावाचून गेली. तेव्हा उद्धारकांचा नायक वज्रबाहू चुऱ्यात उभा राहोन तिला म्हणाला होता, "बाई, घाबरू नका, तुम्ही वाचलात!" ते वाक्य तिच्या मनात कुसळासारखे राहिले, आणि हे साऱ्या नगरास माहीत. आता अकरा वर्षे काच अभंग होती, कणसे भरली होती, कापणीस तीन दिवस उरले होते, आणि बाई रोज फडके घेऊन मंडपावर चढे व एकेक तावदान पुशी. ऐशात महाराजांनी वैद्याचे न ऐकता वाडगाभर चिंच मीठ लावोन खाल्ली, कारण खलपुरुषाने कोणाचे ऐकणे शोभत नाही, आणि चतुर्थीच्या पहाटे कर्ण्यातून हास्य निघाले ते भिजल्या भात्यासारखे, फुस्स करोन राहिले. डोंगरावर झुली फडफडल्या. दुपारी आकाशातून दगडास बांधिलेली चिठी आली, ती कारभारी दादजी पोतनीसांचे छप्पर फोडोन ताटात पडली. मजकूर ऐसा: "खलाचा आवाज खचला आहे. उद्या पहाटे हास्य न आल्यास उद्धारास येतो. हार तयार ठेवावे."

दादजींनी लगोलग दोनशे हार गुंफावयास सांगितले आणि नवशीबाईस हुजूर बोलाविले. बाई म्हणाली, "कारभारी, हार कशाला?" ते म्हणाले, "न जाणो, बाई. आलेच तर रिकाम्या हाती कसे उभे राहावे?" बाई म्हणाली, "माझ्या मंडपावर ते उतरणार, आणि तुम्हांस फुलांची काळजी!" महाराज गळ्यास फडके गुंडाळोन, ज्येष्ठमधाची काडी चघळीत सिंहासनी बसले होते. तयांनी पाटीवर लिहिले आणि दादजींनी वाचिले, "दुसऱ्या कोणी हसावे." दादजींनी स्वतः हसोन पाहिले, ते रजेचा अर्ज केल्यासारखे आले. महाराजांनी डोळे मिटले. मग नवशीबाई बोलिली, "एकट्याचे काम नव्हे हे. सारे नगर हसवू. पण महाराज, आम्हांस ते दुष्टपणाचे येत नाही, शिकवा." महाराजांनी लिहिले, "पोटातून. आधी तीन आखूड, मग एक लांब. मनी दुष्ट हेतू धरावा." बाई म्हणाली, "दुष्ट हेतू आणू कोठून? दिवसभर काच पुसते मी." महाराजांनी हळूच लिहिले, "तू वाचलीस ऐसे ज्याने सांगितले, तयास आठव." बाईने पाटीकडे पाहिले, पदर खोचिला, आणि पोटातून जे निघाले ते ऐकोन दादजी खांबामागे गेले. महाराजांनी टाळ्या पिटल्या. मग बाई दिवसभर आळीआळीने फिरली आणि ज्याला त्याला एकच पुसे, "तुमचे काय मोडले होते?" ज्याने त्याने आपले सांगितले, आणि हसणे आपोआप साधत गेले.

पंचमीस पहाटे सारे नगर मंडपाखाली उभे राहिले. डोंगराकडून वज्रबाहू एकलाच पुढे उडत आला, मंडपावर पुरुषभर उंचीस थांबला, आणि "नागरिकहो, घाबरू नका!" म्हणोन खाली पाय सोडणार, तो नवशीबाईने सुरुवात केली आणि हजारो गळे मागोन उठिले, तीन आखूड, एक लांब. वज्रबाहूची झूल उलटी होऊन तोंडावर आली. ती सारीत तो म्हणाला, "हे काय! सारेच खल जाहले?" बाई खालोन ओरडली, "होय. आणि पायाखाली काच आहे, बघून!" तो म्हणाला, "मग मी वाचवावे कोणास?" बाई म्हणाली, "कोणास नाही. हळू वळा. डावीकडोन, डावीकडोन, तेथे नवे तावदान आहे." तो बिचारा कधी नव्हे तो जपोन वळला आणि आपली मंडळी घेऊन दुसरे कोणी संकटात आहे काय ते पाहावयास उत्तरेकडे गेला.

हास्याच्या जोराने मात्र एक तावदान तडकले. लोक आनंदाने नाचत होते आणि महाराज गिरणीच्या पायरीवर एकले बसले होते. बाई जवळ गेली तेव्हा तयांनी पाटी पुढे केली, तिने स्वतःच एकेक अक्षर लावोन वाचिले, "आता माझे काय काम?" बाई म्हणाली, "चला उठा, कापणीला माणूस कमी आहे." तिसऱ्या दिवशी महाराज झूल कमरेस खोचोन विळा घेऊन आले, दोन ओळी कापिल्या आणि त्यात झुलीचा काठही कापिला.

येणेप्रमाणे पीक घरी आले. महाराजांचा आवाज आठ दिवसांनी उघडला, परंतु पहाटेस आता नगर आधी हसते आणि महाराज मागोन मिळतात. ओरखडाही न साहणाऱ्या नवशीबाईने ते तडकले तावदान अद्याप बदलिले नाही. दादजींचे दोनशे हार उरले. राज्य वाचले खरे, पण वाचविणारा म्हणोन कोणी पुढे येईना, तेव्हा ते हार शेळ्यांस घातले.