हवालदारांची धक्का पार्टी

आमच्या गल्लीत सकाळी सहाला शिट्टी वाजते. पूर्णा हे जंक्शनचं गाव, त्यामुळं नव्या माणसाला वाटतं, गाडी सुटली. गाडी सुटलेली नसते, अडलेली असते. हवालदार नागोराव दारात उभे राहून धक्का पार्टीला बोलावत असतात.

नागोरावांनी सारी नोकरी फौजेत ट्रक चालवण्यात घालवली. निवृत्तीनंतर लिलावात निघालेला एक जुना फौजी ट्रक घेतला आणि घराशेजारच्या मोकळ्या जागेत आणून उभा केला. त्या जागेत त्यांच्या बायकोला, कौसावहिनींना, शेवगा लावायचा होता. "शेवग्याला शेंगा तरी आल्या असत्या," एवढंच त्या म्हणाल्या.

तेव्हापासून नागोराव त्या ट्रकच्या चाकरीत आहेत. सोमवारी ग्रीस, मंगळवारी नट आवळणं. बुधवारी काय, असं मी एकदा विचारलं.

"बुधवारी इन्स्पेक्शन."

"कोण करतं?"

"मीच."

"आणि चूक सापडली तर?"

"बोलणी खातो."

एखादा पार्ट मिळेना तर नांदेडच्या भंगारात दोन-दोन दिवस फिरतील, नाहीतर लोहाराकडून घडवून घेतील. "पार्ट न्हाई म्हणायचं न्हाई. अजून घावला न्हाई म्हणायचं."

मी रेल्वेत वायरमन होतो, म्हणून मला ते मिस्त्री म्हणतात. पण बॉनेटला हात लावू देत नाहीत. "सिव्हिलियननं दुरून बघायचं."

सेल्फ मात्र लागत नाही. म्हणून शिट्टी. धोंडिबा शेळ्या बांधून येतो, किराणावाले शिवाप्पा कपाळाला भस्म लावून येतात, मी येतो, आणखी चार-पाच जण येतात. "नफरी कमी हाय आज, जोर लावा," असं माणसं मोजून म्हणत हवालदार स्टिअरिंगवर बसतात. गल्लीला स्टेशनकडं उतार आहे, म्हणून जमतं. ट्रक खोकतो, काळा धूर सोडतो, आणि आम्ही मागच्या बाकांवर चढून रेल्वे फाटकापर्यंत एक फेरी मारून येतो. मग त्यांच्या ओसरीवर चहा. चहाबरोबर चौकशी. धोंडिबाची लंगडी शेळी कशी आहे, शिवाप्पांची लेक सोनपेठहून कधी येणार. कोणी आला नसेल तर नंतर त्याच्या घरी जाऊन, उंबऱ्याबाहेरूनच, "बरं हाय ना?" विचारून येतात.

यंदा हवालदार मोतीबिंदूच्या ऑपरेशनला परभणीला गेले. चार दिवस शिट्टी नाही. शिवाप्पा म्हणाले, "मिस्त्री, लय झाला धक्का. हवालदार यायच्या आत नवी बॅटरी बसवून ठेवू. खूश व्हतील." गल्लीनं मिळून बॅटरी आणली. बसवायचं काम माझ्याकडं आलं.

मी बॉनेट उघडलं. आतली बॅटरी लखलखीत होती. पाणी भरलेलं, टोकांना ग्रीस, शेजारी चार्जर. फक्त एक वायर काढून, तिच्या तोंडाला नीट फडकं गुंडाळून बाजूला ठेवली होती. मी वायर जोडली, जाऊन सेल्फ मारला. ट्रक पहिल्याच झटक्यात चालू झाला.

घाईनं मी तो बंद केला आणि तसाच सीटवर बसून राहिलो. वहिनी होत्या तोवर हा ट्रक सेल्फवरच चालू व्हायचा. दोन वर्षांमागं त्या गेल्या, दिवसकार्य झालं, पाहुणे आपापल्या गावी गेले, आणि त्याच आठवड्यात पहिली शिट्टी वाजली होती. हे इतके दिवस माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

मी वायर काढली. फडकं होतं तसं गुंडाळलं. नवी बॅटरी शिवाप्पांकडं परत नेली. "मापात बसत नाही," मी म्हणालो.

शिवाप्पांनी माझ्याकडं बघितलं. "न्हाईच बसायची," ते म्हणाले आणि बॅटरी आत ठेवून दिली.

काळा चष्मा लावून हवालदार परतले. आधी ट्रककडं गेले. थोड्या वेळानं माझ्या दारात.

"मिस्त्री, बॉनेट उघडलं व्हतं?"

"हो."

"वायर बघितली?"

"बघितली."

चष्म्यामुळं त्यांचे डोळे दिसत नव्हते. हातानं मात्र दाराची चौकट धरलेली होती.

"मग? काय खराबी घावली?"

"बॅटरी गेलीय," मी म्हणालो. "लय जुनी आहे. आता ती काही दुरुस्त व्हायची नाही."

"हां," ते म्हणाले. "जुनी हाय." तरी गेले नाहीत. हळूच म्हणाले, "बसू का घडीभर?"

इतक्या वर्षांत ते आमच्या घरात कधी बसले नव्हते. मी खुर्ची पुढं ओढली, आणि बायकोला चहा टाकायला सांगितलं.