लॉर्डसाहेबांच्या उजव्या हाताची खुर्ची

यंदाही लॉर्डसाहेबांच्या उजव्या हाताला निनियन इम्रीच बसणार, हे कळले तेव्हा डूगल इम्रीने लापशीचा वाडगा पुढे सरकवून दिला. खोऱ्यातल्या निम्म्या लोकांचे आडनाव इम्री होते, लॉर्डसाहेबांचेही तेच. पण निनियनपाशी अकरा पिढ्यांची वंशावळ होती आणि डूगलची पणजोबांपाशीच खुंटत होती. म्हणून घराण्याच्या वार्षिक मेजवानीत डूगलची जागा स्वयंपाकघराच्या दाराशी असे.

"अकरा पिढ्या म्हणे!" डूगल म्हणाला. "त्यातल्या चार पिढ्या मेंढ्या चोरण्यात गेल्या."

"तुझ्या पूर्वजांना तेवढंही जमलं नाही," त्याची बायको एफी म्हणाली. "खा गुमान."

पुढच्याच आठवड्यात लॉर्डसाहेबांच्या गढीवर मटण पोचवायला गेलेल्या डूगलला मागच्या बागेत, झुडपांच्या आड, शेवाळाने माखलेला एक समाधीचा दगड दिसला. वरच्या ओळी वाचता येत होत्या: 'ड्रमवेरी. नवव्या लॉर्डांच्या उजव्या हाताशी, अखेरपर्यंत.'

ड्रमवेरी हे डूगलच्या शेताचे नाव. त्या खोऱ्यात माणसाला त्याच्या नावाने कुणी हाक मारीत नसे. इतक्या इम्रींमध्ये ते परवडणारेही नव्हते. शेताचे नाव तेच माणसाचे. डूगलला पाद्रीसुद्धा 'ड्रमवेरी' म्हणत, त्याच्या बापाला आणि आजालाही तसेच म्हटले गेले होते. तेव्हा दगडाखाली आपला पूर्वजच निजला आहे, याविषयी त्याला शंका उरली नाही.

गढीचे कारभारी गिलरूथ यांनी दगड पाहिला, चष्मा पुसून पुन्हा पाहिला आणि निकाल दिला, "कोरलेलंच आहे म्हटल्यावर काय बोलणार? खुर्ची तुमची, ड्रमवेरी. अकरा पिढ्यांवाल्यांना दाराशी बसवू."

एवढ्यावर डूगलने थांबायला हवे होते. पण निनियनचा उतरलेला चेहरा चारचौघांत पाहिल्याशिवाय त्याला अन्न गोड लागणार नव्हते. मेजवानीपूर्वी सर्वांदेखत दगड स्वच्छ करावा, अशी कल्पना त्यानेच मांडली. पाद्रींनी प्रार्थना म्हटली, वृद्ध लॉर्डसाहेब काठी टेकीत येऊन उभे राहिले आणि डूगलने स्वतः ब्रश हाती घेतला.

"खाली काहीतरी कोरलंय!" गिलरूथ म्हणाले.

"सिंह असणार," डूगलने निनियनकडे पाहत जाहीर केले. "घराण्याचा."

शेवाळाचा मोठा पापुद्रा निघून आला.

"काय रे ड्रमवेरी," निनियनने हळूच विचारले, "सिंहाचे कान असे लोंबतात का?"

पाद्रींनी वाकून शेवटची ओळ वाचली. "'याला याच्या गळपट्ट्यासह पुरले.'"

एफीने रुमाल तोंडात कोंबला. बाकीच्यांनी तेवढाही संयम दाखवला नाही. डूगलचे कान लालबुंद झाले. ब्रश खाली ठेवून तो घोळक्यातून वाट काढू लागला, तोच लॉर्डसाहेबांच्या काठीने त्याला अडवले.

"थांबा! आजोबांचा ड्रमवेरी हाच तर! तुमच्याच शेतावरून आणला होता." म्हाताऱ्याचे डोळे पाणावले होते. "नातेवाईक आजोबांनी सोसले हो नुसते. जीव लावला तो याला. त्याच्या वंशातलं आहे का कुणी तुमच्याकडे?"

"आहे एक कुत्री, लॉर्डसाहेब," डूगल चाचरत म्हणाला. "गाडीत बसलीय."

"गाडीत? अहो, जेवायला आणा तिला!"

डूगल उजव्या हाताला बसला आणि त्याच्या पायाशी कुत्री. लॉर्डसाहेबांनी संध्याकाळभर दुसरा विषय काढला नाही: तिचे दात, तिची पिल्ले, वासावरून ती हरवलेली मेंढी कशी शोधून काढते. डूगल आधी लाजत, मग रंगात येऊन सांगत होता. स्वयंपाकघराच्या दाराशी, ये-जा करणाऱ्या थाळ्यांच्या वाऱ्यात बसलेल्या निनियनच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

शेवटी गोड पदार्थ येण्याआधी तो उठला, सगळी लांबलचक पंगत ओलांडून लॉर्डसाहेबांच्या कानाशी वाकला आणि म्हणाला, "एक सांगायचं राहिलंच, लॉर्डसाहेब. त्या ड्रमवेरीचा बाप आमच्याकडचा होता."