पंधरा नंबरची गोगलगाय

पोखर्णीला आमच्या नात्यातलं लग्न होतं. नवरदेव बोहल्यावर उभा, अक्षता हातात, भटजी श्वास घ्यायला थांबलेले; आणि नेमक्या त्या शांततेत आमचे नानाभाऊजी खणखणीत आवाजात म्हणाले, "साडेपाच वेढे. पण टोक ढळलंय."

ते नवरदेवाच्या फेट्याचे वेढे मोजत होते. मुलाच्या मामांना वाटलं, काहीतरी अपशकुन झाला. मंगलाष्टकं थांबवून त्यांनी फेटा पुन्हा बांधला.

नानाभाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. बोरीच्या शाळेत विज्ञान शिकवून रिटायर झाले, आता सत्तरीला टेकले. चकली असो, डोक्यावरची चुंबळ असो की माझा अंबाडा, ते आधी वेढे मोजतात. पोराच्या हातात कुल्फी दिली तरी सांगणार, "टोक वर, तोंड आपल्याकडं!" गोगलगाय ओळखताना अशी धरतात म्हणे. ऐन उमेदीत मुलगी बघायला गेले, तेव्हा तिच्याही हातात त्यांनी एक दगडी गोगलगाय दिली आणि हेच वाक्य म्हणाले. मुलीनं टोक वर धरलं आणि तोंड फिरवलं. लग्न राहिलं ते राहिलंच.

ह्या गोगलगाई घरात आल्या त्या द्वारकेच्या यात्रेतून. बाकीच्या मंडळींनी प्रसाद आणला, गोमतीचक्रं आणली. पुढं कच्छात गाडी बंद पडली, तिथल्या माळावरून भाऊजींनी पिशवीभर दगड आणले.

सासूबाई म्हणाल्या, "आपल्या रानात दगड कमी पडले का रे?"

"आई, दगड न्हाईत हे. समुद्रातल्या गोगलगाई हायेत. लाखो वर्षांखाली मेल्या, शंखासकट दगड झाल्या."

"देवाच्या यात्रेतून मेलेल्या गोगलगाई आणल्या!" सासूबाईंनी त्यांना पिशवीसकट न्हाणीत पिटाळलं. माती सुटावी म्हणून भाऊजींनी पंधराही दगड बादलीत भिजत घातले आणि सकाळी शाळेला निघून गेले.

आता ह्या गोष्टीत मी येते. वय एकोणीस, लग्नाला महिना झालेला. माहेर चुडाव्याचं, गावाला रेल्वे स्टेशन असल्यामुळे मी स्वतःला भलतीच सुधारलेली समजायची. अक्कल तेवढी त्याच स्टेशनावर विसरून आले होते. काळ्या रानात कापूस वेचून माझ्या टाचांना भेगा पडलेल्या. बादलीत काय भिजतंय ते मला कुणी सांगितलं नव्हतं; बघते तर वरच मुठीएवढा, खरबरीत धारांचा दगड. मला वाटलं, वा! ह्या घरची वजरीसुद्धा काय नक्षीदार! टाच घासली तर धारा बोचायला लागल्या. मग मी डोकं चालवलं. त्या काळी मी डोकं चालवलं की काहीतरी मोडायचंच. न्हाणीच्या फरशीवर एक बाजू खसाखसा घासून चांगली गुळगुळीत केली. तीन दिवस माझ्या टाचा राणीसारख्या होत्या.

चौथ्या दिवशी भाऊजींनी दगड ओट्यावर ओळीनं मांडले. पंधरावा उचलला. टोक वर, तोंड आपल्याकडं. मग पाठ फिरवून बघितली आणि बघतच राहिले. मला चुलीपुढून सगळं दिसत होतं आणि आता समजतही होतं. तव्यावर भाकरीचा कोळसा झाला. भाऊजींनी कुणालाच काही विचारलं नाही. मीही बोलले नाही. आठ दिवसांनी न्हाणीच्या कोनाड्यात एक नवी कोरी वजरी आली. ह्यांनी न मागता आणलेली ती एकमेव वस्तू, असं मी पुढं साऱ्या गावाला कौतुकानं सांगत आले.

भाऊजींनी चौदा गोगलगाईंची नावं लावली. वेढे किती, टोकाचा कोन केवढा, तोंड गोल की लांबट, धारा उभ्या की आडव्या, असं वहीत एकेक मांडून. एकेका नावाला दोनदोन वर्षं. खोट्या नोंदीचा त्यांना लय राग. पंधरावीचं मात्र अडलं. तिचं कूळ कळलं, पण दोन प्रजाती बहिणी-बहिणींसारख्या दिसायच्या. शेवटच्या वेढ्यावरच्या उभ्या धारा मोजल्या तर फरक कळणार, आणि निम्म्या धारा माझ्या टाचांनी खाल्लेल्या! दर दिवाळीला ते गोगलगाईंचं कपाट पुसायचे. चौदा चिठ्ठ्यांवर नाव, पंधराव्या चिठ्ठीवर नुसता नंबर. ती चिठ्ठी बघितली की मला फराळ गोड लागायचा नाही.

गेल्या महिन्यात भाऊजींच्या कुठल्याशा पत्राला उत्तर आलं. कच्छातल्या दगडी शंखांचा अभ्यास करणाऱ्या एक बाई गोगलगाई बघायला येणार होत्या. भाऊजींनी नवा सदरा शिवला. मी देवाला म्हटलं, बाईंना नाव सापडू दे. नाही सापडलं, तर माझ्या टाचांपायी ह्या माणसाची सारी उमर वाया.

बाईंनी भिंगातून पंधरावी बघितली. वही चाळली. म्हणाल्या, "सर, 'झीज कशानं' हा रकाना मोकळा ठेवलाय तुम्ही."

भाऊजी खिडकीबाहेर बघायला लागले.

चहाचा ट्रे हातात धरून मी उभी होते. तो मी खाली ठेवला. म्हटलं, "माझ्या टाचेनं. वजरी समजून घासली मी."

ओसरीवरून हे ओरडले, "काय केलीस?"

भाऊजी शांतपणे म्हणाले, "ठाऊक हाय."

"कवापासून?" मी विचारलं.

"त्याच दिवसापासून. फरशीच्या फटीत पांढरी भुकटी बसली होती. म्हणून तर बाजारातून वजरी आणून ठेवली, बाकीच्या चौदा तरी वाचाव्यात."

मी ह्यांच्याकडं बघितलं. हे म्हणाले, "मी कवा म्हणलं मी आणली? तूच सांगत फिरायलीस."

"मग बोलला का न्हाईत, भाऊजी?"

"तुमी नव्या होता. रोज परसात जाऊन माहेरासाठी रडायच्या. त्यात गोगलगाईसाठी आणखी कशाला रडवायचं?"

बाईंनी बारीक सुई काढली. "धारा मोजायची गरजच नाही. तोंडात माती दगडासारखी बसलीये, ती कधी काढली नाही का?"

"फुटंल म्हणून हात धजला न्हाई," भाऊजी पुटपुटले.

तासभर सुई टकटकत होती. आतल्या ओठावर तीन घड्या निघाल्या. बहिणीला दोनच असतात म्हणे. बाईंनी लांबलचक नाव सांगितलं, भाऊजींनी ते चिठ्ठीवर लिहिलं, आणि माझ्या छातीवरून पंचेचाळीस वर्षांचा दगड उतरला.

मग त्यांनी वही ओढली. मोकळ्या रकान्यावर पेन टेकवून माझ्याकडं बघितलं. "खोटं लिहवंना, आन् खरं लिहिलं तर कुणीतरी वाचंल. आता लिहू का, वैनी?"

"लिहा."

जरा विचार करून त्यांनी वळणदार अक्षरात लिहिलं: 'घरगुती वापर.'